डाव्या बाजूचे दिवे

ताईंनी पस्तीस वर्षं लोकांचं रक्त काढलं. दोन खोल्यांच्या त्या लॅबमध्ये डॉक्टर बदलले, यंत्रं बदलली, खुर्च्यांचं रेक्झीन दोनदा बदललं. सुई टोचायला मात्र ताईच. हात इतका हलका की पेशंट डोळे मिटूनच विचारायचे, "झालं का?" आणि ताई म्हणायच्या, "केव्हाच. आता उठा, पुढच्याला बसू द्या." सगळे त्यांना ताईच म्हणत, त्यांच्याहून वयानं मोठे असलेले डॉक्टरसुद्धा. हक्कानं ताई म्हणणारा खरा एकच होता, त्यांचा धाकटा भाऊ. आणि तो अकरा वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हता.

भांडण म्हणावं असं काही झालंच नव्हतं. आई आजारी पडली तेव्हा धाकटा दूर नोकरीच्या गावी होता. त्याची बायको सातव्या महिन्यात दवाखान्यात, अंथरुणावरून उठायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. त्याच्या जिवाला आणखी घोर कशाला, आई दोन दिवसांत सावरेल, असं मनाशी धरून ताईंनी कळवलं नाही. दोनाचे चार दिवस झाले. पाचव्या दिवशी कळवलं ते आई गेल्याचंच. तो आला, आईच्या रिकाम्या कॉटकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "चार दिवस होते तुझ्याकडे, ताई."

बस, एवढंच. त्यानंतर ताई फोन करायच्या तर भावजय उचलायची आणि ओशाळून म्हणायची, "हे कारखान्यात आहेत." कारखाना म्हणजे बर्फाचा कारखाना. मासळीच्या धक्क्यालगत, समुद्राला अगदी चिकटून. धाकटा तिथला मेकॅनिक, राहायची जागाही कारखान्याच्या माडीवर. रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशी, केव्हाही फोन करा, हे कारखान्यातच. दोन वर्षांनी ताईंनी फोन करणं सोडून दिलं. धाकट्याची मुलगी आता अकरा वर्षांची झाली होती. आत्यानं तिला फक्त फोटोत पाहिलं होतं.

ताई निवृत्त झाल्या तेव्हा लॅबच्या काउंटरवर नावं लिहून घेणारी त्यांची मैत्रीण म्हणाली, "अगं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या नसा शोधल्यास, आता जरा जग शोधू." तिनं समुद्रसफरीची चार-पाच रंगीत पत्रकं आणली. ताईंनी चित्रं पाहिली नाहीत, नकाशे पाहिले. एका जहाजाची तांबडी रेघ धाकट्याच्या गावाजवळून जात होती. तिथे थांबत नव्हती, नुसती चाटून पुढे जात होती.

"हीच सफर," ताई म्हणाल्या.

"हिच्यात थांबे किती कमी आहेत बघ तरी."

"असू देत. आणि खोली डाव्या बाजूची, बाल्कनीवाली हवी."

"तुला कधीपासून डावं-उजवं कळायला लागलं?" मैत्रीण हसली, पण तिनं तशीच खोली घेतली.

मग ताईंनी धाकट्याला पत्र लिहिलं. फोन लावायला हात धजत नव्हता. पत्र चारदा लिहिलं, चारदा फाडलं. पाचव्यांदा फक्त कामाचं लिहिलं: आमचं जहाज चौथ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराला तुमच्या गावासमोरून जाईल. मी नवव्या मजल्यावर, डाव्या बाजूला असेन. बाल्कनीतला दिवा तीनदा लावीन आणि विझवीन. दिसला तर बघ.

आठ दिवसांनी भावजयीचा मेसेज आला. "पत्र पोचलं. ह्यांनी वाचलं, काही बोलले नाहीत. पण काल गच्चीवरचा जुना दिवा काढून मोठा बसवलाय. पाण्याच्या टाकीशेजारी आहे." ताईंनी तो मेसेज इतक्या वेळा वाचला की शेवटी त्यांना त्यातल्या काना-मात्राही पाठ झाल्या.

निघायच्या आठवड्यात मैत्रीण बाथरूममध्ये घसरली आणि तिचा घोटा प्लॅस्टरमध्ये गेला. "तू जा," ती म्हणाली, "माझ्या वाटणीचंही बघून ये."

म्हणून ताई एकट्याच जहाजावर चढल्या. खोली दोघींची होती. दोन टॉवेल, दोन पांढरे झगे, कागदात गुंडाळलेल्या सपातांचे दोन जोड, आरशासमोर दोन पेले. खोली आवरायला येणारी बाई दोन्ही उशा रोज थोपटून फुगवून ठेवायची. पहिल्या दिवशी ताईंनी तिला सांगितलं, "अहो, मी एकटीच आहे." ती "हो मॅडम" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशीही दोन्ही उशा फुगवल्या. ताईंनी मग विषय सोडला. जेवणाच्या हॉलमध्ये वाढपी रोज त्यांच्या समोरच्या ताटाशेजारचे काटे-चमचे उचलून न्यायचा. हळूच न्यायचा, आवाज होऊ न देता, आणि तेच ताईंना जास्त लागायचं.

बाल्कनी लहानशी होती. दोन खुर्च्या, एक बुटकं टेबल, भिंतीवर दुधी काचेचा गोल दिवा. त्याचं बटण आतल्या बाजूला, पडद्यामागे. शेजारची बाल्कनी आणि ही बाल्कनी यांच्यामध्ये एक पातळ पत्र्याचा आडोसा होता. पहिल्या संध्याकाळी ताई दिवा लावून बसल्या तेव्हा आडोशापलीकडून एका गृहस्थाचं डोकं डोकावलं.

"बाई, राग मानू नका, पण तेवढा दिवा बंद करता का? तुमचा उजेड इकडे येतो. समुद्र दिसत नाही, नुसता कठडा दिसतो."

ताईंनी ओशाळून दिवा बंद केला. क्षणभर सगळं काळं झालं, मग हळूहळू समुद्र दिसायला लागला, त्यावरचा पांढुरका फेस, वर चांदण्या. गृहस्थांचं खरं होतं. उजेडात समुद्र जवळजवळ नसतोच. पलीकडून नवरा-बायकोचं कुजबुजणं आणि मधूनच दोघांचं हसणं ऐकू येत राहिलं. ताई अंधारात दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसून होत्या. थोड्या वेळानं त्यांनी दुसरीवर पाय ठेवले, म्हणजे ती निदान रिकामी दिसू नये.

तिसऱ्या संध्याकाळी शेजारचं जोडपं जेवायला गेलं आहे असं बघून त्यांनी तालीम केली. पडद्यामागे उभं राहून बटण खाली, वर, खाली, वर, खाली, वर. मग थांबायचं, दहा आकडे मोजायचे आणि पुन्हा. किती वेळ लावून ठेवायचा? फार पटकन विझवला तर तो म्हणेल दिवा फडफडतोय. त्यांनी बऱ्याच तऱ्हा करून बघितल्या. एवढ्यात दारावर टकटक झाली.

दारात चाळिशीतला एक माणूस होता. निळा डगला, कमरेला हत्यारांचा पट्टा, हातात शिडी. "जहाजाचा वायरमन. मॅडम, तुमचा बाल्कनीतला दिवा उघडझाप करतोय अशी खालच्या डेकवरून तक्रार आलीय."

"दिवा ठीक आहे," ताई म्हणाल्या.

"बघतो ना. आतून ओल जाते कधीकधी." त्यानं शिडी लावली, काच काढली, बल्ब फिरवून बघितला, बटण खोलून बघितलं. "काहीच नाही. नवाकोरा आहे."

"अहो, म्हणूनच म्हणते. मीच करत होते."

वायरमन शिडीवरून त्यांच्याकडे बघत राहिला. ताईंना वाटलं, आता काहीतरी सांगायलाच हवं, नाहीतर हा डॉक्टरला पाठवील. म्हणून त्यांनी सांगितलं, आधी थोडंसं, मग सगळंच. अकरा वर्षांत इतकं सलग त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. वायरमन शिडीच्या खालच्या पायरीवर बसून ऐकत होता.

"मॅडम, एक सांगू का? वाईट वाटून घेऊ नका," तो शेवटी म्हणाला. "मी किनाऱ्यावरून हे जहाज बघितलंय. सगळं एकदम झगमगतं. ह्या एका बाजूलाच दोनशे बाल्कन्या आहेत. कुणी लावतं, कुणी विझवतं. त्यात तुमचा एक दिवा म्हणजे दर्यात खसखस. भाऊ कितीही डोळे ताणून बसला तरी त्याला कळायचं नाही."

ताईंनी कठड्यापलीकडच्या काळ्या पाण्याकडे बघितलं.

"तरी लावा," वायरमन उठत म्हणाला. "तुमच्या मनाला तरी बरं वाटेल."

"तुमच्या घरी कोण आहे?"

"बायको आहे, दोन मुली आहेत. सात महिने झाले. मोठी आता फोनवर 'कसे आहात' विचारते. आधी 'कधी येणार' विचारायची." शिडी खांद्यावर टाकून तो गेला.

त्या रात्री ताई जेवायला गेल्या नाहीत. पलंगावर पडल्या आणि तशाच झोपी गेल्या. बाल्कनीतला दिवा रात्रभर जळत राहिला.

सकाळी पडदा सारला तर खुर्चीखाली एक पक्षी पडलेला. मुठीत मावेल एवढा, पाठ करडी, पोट पिवळसर. ताईंनी त्याला उचललं. पस्तीस वर्षं लोकांच्या नाडीवर बोट ठेवलेला हात. लगेच कळलं की उशीर झालाय. दिव्याच्या दुधी काचेवर पंखाची बारीकशी भुकटी लागली होती. त्यांनी सपातांच्या न उघडलेल्या जोडाचं वेष्टन काढलं, त्या कागदात पक्षी ठेवला आणि खोली आवरणाऱ्या बाईची वाट बघत बसून राहिल्या.

बाई आली, तिनं कागदात बघितलं. "आज वरच्या डेकवर तीस-चाळीस सापडले, मॅडम. थंडीच्या आधी हे असे थव्यानं समुद्र ओलांडतात. रात्री उजेड दिसला की त्याच्याभोवती फिरत राहतात, दमतात आणि आपटतात. आम्ही झाडूनं गोळा करतो."

"माझा दिवा रात्रभर चालू होता."

"पुष्कळांचा असतो," बाई म्हणाली. तिला बिचारीला धीर द्यायचा होता.

दुपारी दाराखालून एक छापील चिठ्ठी आत सरकली. पुढच्या दोन रात्री जहाज पक्ष्यांच्या वाटेवरून जाणार होतं. आज सूर्यास्तापासून बाल्कन्यांतले सगळे दिवे बंद राहतील, खोलीतले पडदेही लावून घ्यावेत, गैरसोयीबद्दल क्षमा असावी.

ताईंनी चिठ्ठी वाचली, घड्याळ बघितलं आणि वायरमनला शोधायला बाहेर पडल्या. तीन जिने, दोन चुकीचे बोळ, एकदा थेट धुलाईखान्यात. शेवटी तो सातव्या मजल्यावर एका लोखंडी कपाटासमोर सापडला. कपाटात बटणांच्या रांगा होत्या.

"बंद राहतील म्हणजे? आपण बंद ठेवायचे की तुम्ही बंद करणार?"

"मीच करणार. लोकांवर सोडलं तर निम्मे विसरतात." त्यानं एका मोठ्या खटक्यावर बोट ठेवलं. "ही डावी बाजू. ही खाली केली की दोनशेच्या दोनशे बंद."

"आणि माझ्या एकटीचा?"

"तसं नसतं हो, ताई." मॅडमची ताई केव्हा झाली हे त्याच्याही लक्षात आलं नाही. "एक लावायचा तर सगळे लागतात. तुम्ही खोलीत बटण कितीही दाबा, इथून वीजच जाणार नाही."

ताई कपाटाच्या दाराला हात लावून उभ्या राहिल्या. वायरमननं बोळात दोन्ही बाजूंना बघितलं आणि आवाज खाली आणला. "एक करता येईल. बरोबर सातला हा खटका मी तीनदा वर-खाली करतो. अख्खी बाजू तीनदा लागेल. दोनशे दिवे. आंधळ्यालासुद्धा दिसेल. विचारलंच तर सांगेन, तपासत होतो."

ताईंच्या डोळ्यांसमोर ते दिसलं. सगळं जहाज एकदम उजळलेलं, आणि गच्चीवर धाकटा. क्षणभर त्यांना हो म्हणावंसं वाटलं. मग त्यांना शिडीच्या पायरीवर बसलेला हा माणूस आठवला, त्याच्या मुली, आणि सपातांच्या कागदातला तो पक्षी.

"नको," त्या म्हणाल्या. "तुमची नोकरी जायची. आणि ती बिचारी पाखरं."

"तीन वेळा लावल्यानं काही होत नाही."

"नको म्हटलं ना. घरी पोरी वाट बघतायत तुमची."

सूर्य बुडाला आणि सगळी डावी बाजू काळी झाली. ताई बाल्कनीत उभ्या होत्या. शेजारच्या बाल्कनीत आज कुणी नव्हतं. जोडपं जेवायला गेलं होतं. किनारा हळूहळू जवळ आला. आधी नुसती काळी कड, मग तुरळक दिवे, धक्का, होड्यांच्या डोलकाठ्या, मग पाण्याची उंच टाकी आणि तिच्या शेजारी एक दिवा. बाकीच्या दिव्यांपेक्षा पांढरा आणि मोठा.

तो विझला. लागला. विझला, लागला. विझला, लागला. मग थांबला.

ताई धावत आत गेल्या आणि बटण दाबलं. काही होणार नाही हे ठाऊक असून दाबलं. पुन्हा बाहेर आल्या. दिवा परत तीनदा विझून लागला. ह्या खेपेला जरा सावकाश, समोरच्याला समजलं नसेल म्हणून नीट समजावून सांगावं तसा.

तो आता काय समजेल, हे ताईंना लख्ख कळत होतं. तो म्हणेल, हिनं पत्र लिहिलं आणि पाठ फिरवली. नाहीतर म्हणेल, हिला काहीतरी झालं. दिवे बंद आहेत हे जहाजावरच्या सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्याला माहीत नव्हतं. पुन्हा त्यालाच कुणी कळवलं नव्हतं.

त्यांनी पिशवीतून फोन काढला. तीन दिवस फोनला रेंज नव्हती, आज किनाऱ्यामुळे दोन काड्या आल्या होत्या. धाकट्याचा नंबर अकरा वर्षांपूर्वीचाच. लागेल की नाही कोण जाणे. एक घंटा, दोन, तीन. गच्चीवरचा दिवा लागलेलाच राहिला.

"हॅलो," धाकटा म्हणाला. आवाज जाड झाला होता.

"मी बोलतेय," ताई म्हणाल्या. "दिवे बंद केलेत रे. सगळ्यांचेच. पक्षी आपटतात म्हणून. मला आजच दुपारी कळलं."

पलीकडे गच्चीवरचा वारा वाजत होता.

"मला वाटलं, तू आलीच नाहीस," तो म्हणाला. "दुर्बीण आणलीय शेजाऱ्याची. काळोखात काहीतरी मोठं सरकताना दिसतंय, तेवढंच."

"मी कठड्याशीच उभी आहे."

"दिसत नाहीस."

"तू दिसतोयस. म्हणजे तुझा दिवा दिसतोय. टाकीच्या शेजारी."

"हं," तो म्हणाला. मग, "गुडघे कसे आहेत?"

"आहेत. जिने चढून आज बोलायला लागलेत."

तो हसला नाही, पण श्वास सोडल्याचं ऐकू आलं. जहाज पुढे सरकत होतं. टाकी आता समोर राहिली नव्हती, जराशी मागे गेली होती. फोनवरच्या दोन काड्यांची एक झाली.

"ताई, एक विचारायचंय," तो म्हणाला. "किती वर्षं विचारायचंय. त्या चार दिवसांत आई माझ्याबद्दल काही बोलली का?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे ताईंना माहीत होतं. आपण त्याला काय उत्तर देऊ, हे त्यांनी अकरा वर्षांत शेकडो वेळा घोकलं होतं. घोकलेलं सगळं बरं होतं, फक्त खरं नव्हतं.

"रोज विचारायची," त्या म्हणाल्या. "धाकटा कुठे आहे म्हणून. मी सांगायचे, वाटेत आहे, येतोच आहे. चारही दिवस मी तिला हेच सांगितलं. शेवटी शेवटी ती दाराकडे तोंड करून..."

फोनमध्ये खरखर झाली आणि मग काहीच नाही. ताई थोडा वेळ तसंच बोलत राहिल्या, मग त्यांनी फोन कानापासून दूर केला. काडी गेली होती. त्याला कुठपर्यंत ऐकू गेलं, ते कळायला मार्ग नव्हता. किनाऱ्यावरचा दिवा लहान होत होत इतर दिव्यांसारखाच झाला आणि मग कुठला तो तेही ओळखू येईना. ताई खुर्चीत बसल्या. त्यांना रडू आलं नाही. फार थकल्यासारखं वाटलं, दिवसभर पेशंटांचं रक्त काढल्यावर वाटायचं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज बंदराला लागलं. लोक टोप्या घालून, एकमेकांचे फोटो काढत खाली उतरत होते. ताईंच्या फोनवर एक मेसेज आला होता, भावजयीच्या नव्हे, धाकट्याच्या नंबरावरून.

"दाराकडे तोंड करून. इथपर्यंत ऐकू आलं. पुढचं सांग."

बंदरावर तिकीट खिडकीजवळ एक लाकडी बाक होता. ताई तिथे बसल्या आणि त्यांनी फोन लावला. पाऊण तास त्या बोलत होत्या. पुढचं सांगितलं, सगळं सांगितलं, आपली चूक होती हेही, फाटे न फोडता. तो मधेच चिडला. "तुला काय अधिकार होता?" असं त्यानं दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा ताई "काही नव्हता" म्हणाल्या. एकदा मागून एका मुलीचा आवाज आला, "बाबा, कोण आहे?" तो म्हणाला, "आत्या आहे." मुलगी काही फोनवर आली नाही. ताईंनीही तिला फोन दे म्हटलं नाही.

"राग गेला नाहीये माझा," शेवटी धाकटा म्हणाला.

"ठीक आहे."

"सांगून ठेवतोय."

"बरं केलंस सांगितलंस."

फोन ठेवला तेव्हा उतरलेले लोक गावात पांगले होते आणि बाकाच्या आसपास कुणी नव्हतं. जहाज सुटायला अजून पाच तास होते. ताईंनी थोडा वेळ पाण्याकडे बघितलं, मग उठून समोरच्या रस्त्यानं चालायला लागल्या. पहिल्या दुकानात प्लॅस्टरवर लिहायला रंगीत पेन मिळतं का, ते त्यांना मैत्रिणीसाठी बघायचं होतं.